उसना घाम

हेमराज झांबरेला छातीच्या खाली घाम फुटत नसे, आणि म्हणून घरातल्या बाकी सगळ्यांना फुटत असे.

बाकी सगळे म्हणजे त्याची बायको चारुशीला. मुलगी लग्न होऊन बंगळुरात गेली होती. ती तिथून सकाळ-संध्याकाळ बापाचं तापमान विचारी, लोक क्रिकेटचा स्कोअर विचारतात तितक्याच काळजीनं आणि तितक्याच लांबून. शिवाय दारात येणारा जो तो, मग तो दूधवाला असो की खालच्या फालककाकू, आधी "काय भाऊ, गरम होतंय का?" असं विचारून मगच आपलं काम सांगे. हेमराजला या प्रश्नाचा वीट आला होता. त्यातून चीड आणणारी गोष्ट अशी, की त्याला खरंच उत्तर माहीत नसे.

अर्धं आयुष्य त्यानं भुसावळजवळच्या वीज केंद्रात बॉयलरवर काढलं. तिथं त्याला साधं खरचटलंही नाही. मग कोळशाचे दिवस संपले, बॉयलर थंड झाले, त्या जागेवर मैलभर सौरपट्ट्या पसरल्या आणि हेमराज सन्मानानं घरी आला. घरी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात कूलरची जुनी खस काढून नवी भरताना स्टुलाचा पाय मोडला आणि तो पाठीवर पडला, तो नेमका गॅलरीच्या उंबऱ्यावर. मणका दोन खांद्यांच्या मधोमध मोडला. हात शाबूत राहिले, जीभ शाबूत राहिली. बाकीचं अंग खुर्चीत बसलं.

खुर्ची लोकांना दिसते, त्यामुळे पाय गेले हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तापमान गेलेलं दिसत नाही. हेमराज ते बॉयलरच्या भाषेत सांगे, आणि ऐकणारा बॉयलरवाला नसला तरी सांगे. मेंदूत एक कंट्रोल रूम असते. अंग तापलं की तिथून हुकूम सुटतो: कातडीजवळच्या रक्तवाहिन्या उघडा, घाम सोडा. गार पडलं की उलटा हुकूम: वाहिन्या मिटा, कुडकुडा. हे हुकूम जातात ते पाठीच्या कण्यातल्या केबलमधून. केबल तुटली की वर दिवे लागतात, घंटा वाजते, साहेब ओरडतो, आणि खाली पंखे बंद, पंप बंद, सगळी शिफ्ट गाढ झोपलेली. मग देह खोलीचं तापमान घेतो, ओट्यावर ठेवलेल्या कळशीसारखं. मे महिन्यात हेमराजचं अंग दुपारी एकशे दोनवर जाई आणि त्याला ताप नसे. पहिल्या उन्हाळ्यात एका डॉक्टरांनी तरीही तापाची औषधं दिली. त्याच दुपारी चारुशीलानं त्याच्या अंगावर ओला टॉवेल टाकला, ताप उतरला, आणि श्रेय औषधाला मिळालं.

मग टॉवेलच सुरू झाले. मानेवर ओला टॉवेल, मांडीवर ओला पंचा, कुंड्यांवर पाणी मारायची बाटली हेमराजवर. थंडीत उलट: पायमोजे, कानटोपी, दोन गोधड्या. गरम पाण्याची पिशवी मात्र घरातून हद्दपार, कारण एकदा तिच्यानं मांडीला चांगला तळहाताएवढा भाजल्याचा डाग पडला आणि ज्याची मांडी होती तो त्या वेळी शांतपणे पेपर वाचत होता.

त्या वर्षी भुसावळनं एकोणपन्नास अंश गाठले आणि हेमराजला बंडी मिळाली.

बंडीचं सरकारी नाव 'समशीतोष्ण'. आत केसासारख्या बारीक नळ्या, त्यांतून पाणी खेळे, आणि पाठीवरच्या वहीएवढ्या चपट्या यंत्रात ते गार किंवा कोमट होई. गळ्यापासून मांड्यांपर्यंत ती अंगाला चिकटून बसे. असल्या बंड्या पूर्वीही निघाल्या होत्या, पण त्या थर्मामीटरवर चालत आणि थर्मामीटरला सगळं उशिरा कळतं. अंगाच्या गाभ्यातलं तापमान चढलेलं दिसेपर्यंत उष्णता आत येऊन मांडी घालून बसलेली असते. निरोगी देह तसं करत नाही. ऊन, वारा, दमट हवा, पोटातलं जेवण, चढलेला जिना या सगळ्याचा तो आधीच अंदाज घेतो आणि पारा हलण्याआधी घाम सोडतो. हा अंदाज गणितात बसवायला शास्त्रज्ञांनी वर्षं घालवली आणि बसला नाही. शेवटी कोणाला तरी सुचलं, की गणित मांडायचं कशाला? ते सोडवणारं माणूस त्याच खोलीत पोळ्या लाटतंय की.

म्हणून बंडीबरोबर एक टिकली येई, रुपयाएवढी. ती घरातल्या दुसऱ्या माणसाच्या गळ्याखाली चिकटवायची. त्या माणसाला घाम आला की बंडी गार होई. त्याच्या अंगावर काटा आला की बंडी कोमट होई. एकाचा घाम दुसऱ्यानं उसना घ्यायचा. अट एवढीच, की दोघांनी एकाच हवेत, हाकेच्या अंतरावर राहायचं. टिकली लावणाऱ्या माणसाला कंपनीच्या कागदांत 'संदर्भदेह' म्हणत. चारुशीला तोवर बायको होती, आई होती, सोसायटीच्या भिशीची प्रमुख होती. पन्नाशीला ती संदर्भदेह झाली.

पहिले दोन महिने स्वर्ग होता. एकोणपन्नास अंशांत हेमराज अठ्ठ्याण्णववर. टॉवेल वाळून कपाटात गेले. दोघं संध्याकाळी तापीच्या पुलापर्यंत जाऊन आले. कंपनीतून शबनम तडवी नावाची यावलची तरुण इंजिनिअर बंडी बघायला येई. हेमराज तिला तडवी मॅडम म्हणे आणि निघताना तिच्या पिशवीत घरची केळी भरे.

पण टिकलीला घाम कळे, घामाचं कारण कळत नसे. चारुशीलानं मिरच्या भाजल्या की दिवाणखान्यात हेमराज गारठे. तिचं नणंदेशी फोनवर वाजलं की तो गारठे. त्याला गारवा फक्त खांद्यापुरता समजे, खालचा हिशेब थर्मामीटरवर. पण दात त्याचे स्वतःचे होते आणि ते वाजत. मग तो आतूनच ओरडून विचारी की आता कोणाशी भांडण चाललंय, आणि ती स्वयंपाकघरातून सांगे की अजून कोणाशी नाही, पण होईल.

इथवर ठीक होतं. पुढं विनाकारण सुरू झालं. पंखा चालू, हवा बरी, चारुशीला खुर्चीत बसून शेंगा सोलतेय, भांडण नाही, मिरची नाही, आणि अचानक बंडी बर्फासारखी. पाच मिनिटांनी पुन्हा जागेवर. दिवसातून पाच-सहा वेळा. हे वाचणाऱ्या बायकांना एव्हाना कारण कळलं असेल. हेमराजला कळलं नाही. त्यानं यंत्र बिघडलं असं ठरवलं आणि कंपनीला तक्रारींचा मारा केला. पलीकडून एक गोड यांत्रिक आवाज त्याला दर वेळी बंडी धुतली होती का असं विचारी.

अखेर तडवी मॅडम आल्या. त्यांनी लॅपटॉपवर टिकलीची नोंद उघडली. रेषा सरळ चालली होती आणि मध्येच एक उंच शिखर, पुन्हा सरळ, पुन्हा शिखर. त्यांनी शिखरांकडे पाहिलं, मग चारुशीलाकडे पाहिलं. चारुशीला पदरानं मान पुसत खिडकीबाहेर बघत होती. तडवी मॅडमनी लॅपटॉप मिटला आणि यंत्रात दोष नाही असं सांगितलं.

यंत्रात नाही तर कशात आहे, हे हेमराजनं तीन प्रकारे विचारलं. त्यांनी तिन्ही वेळा चहा छान झाल्याचं सांगितलं. जाताना दाराशी दोघी बराच वेळ हळू बोलत उभ्या राहिल्या. हेमराजला वाटलं, केळ्यांबद्दल असेल.

डिसेंबर आला आणि बी शिफ्टच्या भरिताची तारीख ठरली.

बॉयलर गेले तरी बॉयलरची बी शिफ्ट राहिली होती. दर हिवाळ्यात ही मंडळी कोणाच्या तरी शेतात जमत, कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवत, हातभर लांबीची हिरवी वांगी त्यात भाजत, मिरची-लसणाबरोबर लाकडी मुसळानं ठेचत आणि पुरीबरोबर खात. या भरिताला बाईमाणूस न्यायचं नाही असा नियम होता. नियमाचं कारण कोणी उघड सांगत नसे. पहिल्या वर्षी बायका आल्या होत्या, त्यांनी अर्धी कच्ची अर्धी कोळसा झालेली वांगी पाहिली होती, आणि त्या जे हसल्या होत्या ते शिफ्टला अजून ऐकू येत होतं.

अपघाताआधी वांगी फिरवण्याचा मान हेमराजचा. त्यानंतर तो एकाही भरिताला गेला नव्हता, कारण डिसेंबरातलं उघडं शेत म्हणजे त्याच्यासाठी फ्रीज. यंदा बंडी होती. पण बंडीबरोबर टिकली होती आणि टिकलीबरोबर बायको. सगळ्या शिफ्टमध्ये बायकोला घेऊन आलेला एकटा तो असणार, आणि वर ती त्याच्याजवळ बसून त्याच्या वाटचा घाम गाळणार. त्यापेक्षा घरी पेपर वाचलेला बरा. हेमराजला एक संध्याकाळ अशी हवी होती की जिच्यात कोणी त्याची बायको नाही, आई नाही, नर्स नाही. नुसती माणसं, आणि त्यांतला तो एक.

तोडगा युवराज सरोदेनं काढला. युवराज त्याच्या शेजारच्या पॅनलवर वीस वर्षं बसलेला, अंगानं आडवा, स्वभावानं तयार. तो म्हणाला, "एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे ना भो? लाव टिकली मला. माझं अंग काय वहिनींपेक्षा कमी आहे?"

अंग कमी नव्हतंच. हेमराजनं भीतभीत चारुशीलाला विचारलं. ती नाही म्हणेल, रडेल, निदान तोंड फुगवेल याची तयारी करून तो बसला होता. ती लगेच बॅग भरायला लागली. एक रात्र धरणगावला बहिणीकडे जाते म्हणाली. बॅग भरताना ती गुणगुणत होती. हेमराजला ते मनाला लागलं, पण बोलायची सोय नव्हती, कारण तोही गुणगुणत होता.

तिनं युवराजला बजावून सांगितलं, की यांची खुर्ची आगीपासून लांब ठेवा, पायावर निखारा पडला तरी यांना कळायचं नाही. युवराजनं मान डोलावली. टिकली त्याच्या गळ्याखाली चिकटवली. बंडीनं दोन मिनिटं विचार केला आणि नवा संदर्भदेह मंजूर केला. चारुशीला बसमध्ये बसली आणि शिफ्ट शेतावर गेली.

शेतात गेल्यावर सुरुवातीचा अर्धा तास हेमराजनं पुढच्या कित्येक वर्षांना पुरेल इतका आनंद घेतला. कोणी त्याला गरम होतंय का विचारलं नाही. उलट आल्या आल्या त्याला शिव्या पडल्या, खुर्ची ढकलायला एवढा जड झालास म्हणून. त्याची खुर्ची निंबाखाली लावली, बाकीची मंडळी पंधरा पावलांवर आगीभोवती. हेमराज तिथून हुकूम सोडू लागला: काड्या मोकळ्या टाका, देठाकडून फिरवा, सालीला तडा जाऊ द्या.

वांगी फिरवत होता युवराज. तो बसला होता हेमराजच्या जुन्या जागी, म्हणजे बरोबर आगीच्या तोंडाशी. कपाशीच्या काड्या भडकून पेटतात; युवराजच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. त्यात त्यानं मिरचीचा ठेचा चाखून बघितला, मग पुन्हा चाखला. त्यात कोणी तरी पेल्यात काही ओतलं, तेही चाखलं. युवराजच्या देहानं एका निरोगी देहानं करावं ते सगळं केलं. रक्तवाहिन्या उघडल्या, घाम सोडला. बंडीनंही आपलं कर्तव्य केलं आणि निंबाखाली, अकरा अंशांच्या वाऱ्यात बसलेल्या हेमराजला गार करायला घेतलं.

त्याचे खांदे आधी गारठले. मग दात. त्यानं मोबाइलवर बघितलं: पंचाण्णव पूर्णांक काही. खाली बंडीचा संदेश, संदर्भदेहाशी उत्तम सुसंवाद. धोक्याची घंटा त्र्याण्णवला वाजे. त्याच्या वरचं सगळं कंपनीच्या मते माणसाचं खासगी आयुष्य होतं.

एक हाक मारली असती तर काम झालं असतं. पण हाक मारली की आग सोडून दहा माणसं धावत येणार, गोधड्या, फोन, गाडी, आणि पुढच्या वर्षी कोणी बोलावणार नाही. बोलावलं तरी 'वहिनींना घेऊन ये' म्हणणार. युवराजच्या घामाबद्दल बोलावं, तर तो आगीपासून उठणार आणि वांगी जळणार, आणि वांगी हेमराजमुळं जळली हे शिफ्ट आपल्या नातवंडांना सांगणार. भरीत ठेचून होईपर्यंत कळ काढायची, असं त्यानं ठरवलं. चिमूटभर अक्कल असलेल्या माणसानंही असं ठरवलं नसतं, पण चौऱ्याण्णववर अक्कल तितकीही राहत नाही.

पुढचे हुकूम जड जिभेनं यायला लागले. देठाला तो 'देत' म्हणाला. शिफ्टला वाटलं, भाऊनं निंबाखाली गुपचूप लावली. सगळे हसले. हेमराजही हसला, कारण आपण कशाला हसतोय हे त्याला कळत नव्हतं आणि थंडीही वाजेनाशी झाली होती. त्याला वाटलं, आता बरं वाटतंय.

तेवढ्यात चारुशीलाचा फोन आला. संध्याकाळची गोळी घेतली का, एवढंच तिला विचारायचं होतं. हेमराजनं उत्तर दिलं. ते ऐकताच तिनं फोन युवराजकडे द्यायला सांगितला. कोणी तरी तो युवराजच्या कानाला लावला.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्हाला घाम आलाय का?"

"वहिनी, चिंब," युवराज अभिमानानं म्हणाला.

"मग त्यांची बंडी काढा. आत्ता. वांगी राहू द्या."

युवराजनं एकदा स्वतःच्या भिजलेल्या सदऱ्याकडे पाहिलं, एकदा निंबाकडे, आणि हातातलं वांगं टाकून धावला. पुढं जे झालं ते शिफ्टनं नंतर फार वेळा सांगितलं. बंडी काढली. युवराजच्या गाडीत हीटर लावून हेमराजला बसवलं. फोनवर चारुशीला सांगत गेली आणि दहा म्हातारे बॉयलरवाले करत गेले: कोरडे कपडे, डोकं झाका, घोंगडी, कोमट गोड चहा घोटघोट, आगीजवळ नेऊ नका, अंग चोळू नका. पारा हळूहळू चढला. सत्याण्णव झाल्यावर हेमराजनं स्पष्ट शब्दांत विचारलं की भरिताचं काय झालं. अर्धं कच्चं, अर्धं कोळसा. शिफ्टनं ते खाल्लं आणि कोणी नावं ठेवली नाहीत.

चारुशीला सकाळच्या पहिल्या बसनं आली. ती ओरडेल म्हणून हेमराजनं रात्रीच पाच-सहा उत्तरं तयार ठेवली होती. ती ओरडली नाही. बॅग ठेवली, थर्मामीटर लावला, बघितला, काढला आणि समोर बसली. धरणगावची चौकशी केल्याशिवाय गत्यंतर नाही म्हणून त्यानं चौकशी केली.

"बरं वाटलं तिथं," ती म्हणाली. "रात्री वाफ आली तेव्हा उठून अंगणात जाऊन बसले. कोणाचे दात वाजले नाहीत."

हेमराजनं अर्धं आयुष्य वाफेवर काढलं होतं. पाइपाच्या आवाजावरून तो तिचा दाब सांगे. या वाफेबद्दल त्याला काडीची माहिती नव्हती.

मग तिनं सांगितलं, गहू निवडताना सांगावं तसं. पावसाळ्यापासून सुरू झालं. पाळी जाण्याचे दिवस. छातीतून उठते, मानेवरून डोक्यात जाते, सगळं अंग पेटतं, भिजतं, आणि मग जाते. औषध आहे, पण डॉक्टरकडे गेलं तर ते टिकलीच्या नोंदीत जाणार, आणि कंपनीच्या कागदावर लिहिलंय, संदर्भदेह निरोगी असावा. नाही तर बंडी परत. बंडी परत गेली तर पुन्हा मे महिना आणि टॉवेल. म्हणून ती वाफ आली की फ्रीज उघडून त्याच्यासमोर उभी राही, लवकर गार व्हावं म्हणून.

"तिखट सोडलं मी," ती म्हणाली. "भांडणं सोडली. माझ्या बहिणीशी फोनवर मोठ्यानं हसायचं सोडलं, हसलं की घाम येतो. दुपारी झोपते तेसुद्धा तुम्ही सारखे राहावेत म्हणून झोपते. अहो, हे अंग माझं आहे की तुमचं, हेच मला कळेनासं झालंय."

हेमराजच्या तयार उत्तरांतलं एकही इथं चालण्यासारखं नव्हतं. त्यानं विचारलं, की तडवी मॅडमना हे माहीत होतं का.

"त्यांना बघताक्षणी कळलं."

"आणि फालककाकूंना?"

"त्यांनीच तर आधी ओळखलं."

"म्हणजे यावलपासून खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं," हेमराज म्हणाला. तो चिडला होता, आणि ज्याच्यावर चिडावं तो माणूस त्याच्याच खुर्चीत बसलेला असल्यामुळे त्याची पंचाईत झाली होती. "टिकली काढ."

युवराजकडून आणलेली टिकली तिनं सकाळीच पुन्हा लावली होती, सवयीनं. ती म्हणाली, "मे येतो आहे."

"येऊ दे. तो माझ्याकडे येतो आहे, तुझ्याकडे नाही. काढ."

तिनं काढली, आणि गळ्याखालचा पांढुरका गोल किती तरी वेळ चोळत राहिली.

बोलावल्यावर आलेल्या तडवी मॅडमनी आधी कंपनीची योजना सांगितली. पुढच्या आवृत्तीत पन्नाशीच्या बायकांसाठी गाळणी येणार होती. वाफेचा घाम वेगळा काढून टाकायची. हेमराजनं विचारलं, की म्हणजे हिला वाफ येतच राहणार, फक्त मला कळणार नाही, असंच ना? तडवी मॅडम हो म्हणाल्या आणि हो म्हणताना त्यांना स्वतःलाच ते बरं वाटलं नाही. मग त्यांनी बंडीच्या आतल्या शिवणीतलं एक झाकण उघडून दाखवलं. तिथं हातानं चालवायचं बटण होतं. कंपनीनं ते ठेवलं होतं, पण सांगितलं नव्हतं, कारण ते चालवलं तर माणूस चुकतो.

हेमराज चुकला. जानेवारीत तो दोनदा उकडला आणि एकदा गोठला. उन्हात जाण्याआधी बंडी गार करायची, जेवणाआधी थोडी, गप्पा रंगात आल्या तरी थर्मामीटर विसरायचा नाही, हे एखाद्या नव्या पोराला शिकवावं तसं त्याला स्वतःला शिकवावं लागलं. चारुशीला मधूनच येऊन बटण फिरवी. तो तिच्या हातावर चापट मारी. ती म्हणे मरा मग, आणि भिशीला निघून जाई. हल्ली ती जिथं जाई तिथून उशिरा येई. डॉक्टरांनी औषध दिलं होतं, वाफा निम्म्यावर आल्या होत्या. फोनवर ती बहिणीशी इतक्या मोठ्यानं हसे की फालककाकू वर येऊन काय झालं म्हणून विचारत. एक दिवस हेमराजनंही तिला विचारलं की एवढं काय झालं हसायला. तिनं सांगितलं. शिफ्टनं भाजलेल्या वांग्यांची गोष्ट होती.

मेमधल्या एका दुपारी, लाइट जाऊन कूलर बंद पडलेला असताना, ती पोळ्या टाकून बाहेर आली आणि भिंतीला धरून उभी राहिली. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले. औषधाला न जुमानणारी, जुन्या ताकदीची वाफ होती. हेमराजनं तिच्याकडे बघितलं. मग थर्मामीटरकडे: नव्व्याण्णव. अजून थोडी जागा होती. त्यानं गळ्याशी हात नेला आणि बंडीची चेन ओढली.

"हे काय करताय?"

"ये इकडं. मागून सोडव, मला वाकता येत नाही."

ती नको म्हणाली, तो ये म्हणाला, ती पुन्हा नको म्हणाली, पण तोवर तिचे हात बंडी सोडवत होते. तिनं ती पातळाच्या वरूनच अंगात घातली. बंडी हातानं चालवायच्या बटणावर होती, आणि तिच्या अंगावर फिरून बसल्यामुळे ते बटण नेमकं पाठीकडच्या शिवणीत गेलं होतं, जिथं कोणाचाच हात पोचेना. तिनं चिडून आरशाच्या कडेला आपल्या कुंकवाच्या टिकल्यांमध्ये चिकटवून ठेवलेली कंपनीची टिकली काढली आणि गळ्याखाली दाबली. बंडीनं दोन मिनिटं विचार केला. मग नळ्यांतून पाणी खेळायला लागलं, आणि चारुशीला आरामखुर्चीत मागे रेलून डोळे मिटून बसली.

थोड्या वेळानं हेमराजचा फोन वाजला. तडवी मॅडम होत्या, आवाजात आनंद मावत नव्हता. मुख्य कार्यालयातून त्यांना कळवलं होतं, की भुसावळच्या बंडीनं आज सगळ्या महाराष्ट्रातला विक्रम केला. संदर्भदेहाला घाम येतो, बंडी गार होते, घाम थांबतो, बंडी थांबते. वापरणारा आणि संदर्भदेह यांच्यात असा मेळ आजवर कोणत्याच घरात दिसला नव्हता. काकांनी नेमकं काय केलं, ते साहेबांना हवं होतं.

हेमराजनं आरामखुर्चीकडे पाहिलं. चारुशीलाचा चेहरा उतरत होता, लालीचा हळूहळू गहूवर्ण होत होता.

"मॅडम, पाच मिनिटांनी करा," तो म्हणाला. "आत्ता ही गार होतेय."

त्यानं फोन ठेवला, कपाळावरचा घाम पुसला, आणि ती उठायची वाट बघत बसला.